ती उसण नव्हती

मैत्री आणि सुगत,

गेल्या रविवारी मैत्री फोनवर म्हणाली, "आजी, दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरली आहे." मी लगेच विचारलं, नेमकी कुठे? थंडी वाजून आली का? लघवीला जळजळ आहे का? पाणी किती पितेस? मैत्री हसायला लागली. "आजी, तुला सगळीकडे किडनीच दिसते!" तरी मी हट्ट सोडला नाही. बिचारी माझ्या समाधानासाठी डॉक्टरकडे जाऊन आली. खुर्चीचंच दुखणं निघालं. मग सुगतचा जर्मनीहून फोन आला, "आजी, मला शिंक आली, किडनीची असेल का?"

हसा, मला राग नाही. पण मी हे प्रश्न का विचारते ते तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही. ते सगळं घडलं तेव्हा मैत्री पाचवीत होती आणि सुगतला अजून चपलेचा डावा-उजवा कळत नव्हता. "आजीला ताप आला आहे," एवढंच तुम्हाला सांगितलं गेलं. आता तुम्ही दोघं आपापल्या गावी एकटे राहता. दुखलं खुपलं तर स्वतःच ठरवावं लागतं, गोळी घ्यायची की डॉक्टरकडे जायचं. म्हणून सविस्तर लिहिते. डॉक्टरी पुस्तकात जे मिळेल ते इथे लिहीत नाही. माझ्या कमरेला जे कळलं तेवढंच लिहिते.

आमच्याकडच्या कमरा

गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्यात ज्याची कंबर दुखत नाही तो माणूस आळशी समजला जातो. रोवणी म्हणजे काय ते तुम्ही फोटोत पाहिलं आहे, पण फोटोत कंबर दिसत नाही. आधी वाफ्यात धानाची रोपं वाढवायची, त्यांना पऱ्हे म्हणतात. ते उपटून चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, एकेक करून लावायचे. बाया ओळीने उभ्या राहतात, वाकतात आणि मागे मागे सरकत लावत जातात. सकाळी वाकलेली बाई जेवायच्या वेळी सरळ होते तेव्हा ओळीभर "अगं माय" असा एकच आवाज उठतो.

ही कंबरदुखी सगळ्यांच्या ओळखीची असते. वाकलं की दुखते, जमिनीवर पाठ टेकली की सुखावते, सकाळी ताठ असते आणि चालता चालता मोकळी होते. तेल आणि गरम विटेचा शेक तिला मानवतो. मध्येच कधी कमरेत चमक भरते, माणूस अर्धा वाकलेला तसाच राहतो, त्याला उसण म्हणतात. आणि उसणीवर आमच्याकडे एकच इलाज, पायाळू माणसाचा पाय.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याने आपली टाच दुखऱ्या कमरेला तीनदा लावली की उसण पळते, असं मानतात. तुम्हाला हे माहीत नसेल, पण तुमची आजी पायाळू आहे.

मी लग्न होऊन या घरी आले, तेव्हा माझ्या नागपूरच्या इंग्रजीतल्या एमएपेक्षा या गोष्टीचं गावाला जास्त कौतुक वाटलं. माझ्या सासूबाईंनीच, म्हणजे तुमच्या पणजीनेच, ही बातमी गावभर केली. आमच्या घरात छप्पन सालापासून, धम्म घेतल्यापासून, देवदेवस्की बंद. पण उसण काही देवात मोडत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे मी शाळेत मुलांना क्रियापदं शिकवून घरी आले की रोवणीच्या दिवसांत सपरीत, म्हणजे पडवीत, दोनचार बाया पालथ्या पडून माझी वाट पाहत असायच्या. मी पाय धुऊन यायची आणि हलकेच टाच लावायची. एखादी कळवळून ओरडली की बाकीच्या आनंदाने म्हणायच्या, "निंगाली, निंगाली!" म्हणजे उसण ओरडत बाहेर पडली. मग कोणी पदराखालून वास्ते काढायची, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि माझ्या सुपात टाकून जायची.

तुमचे आजोबा विज्ञानाचे शिक्षक. ते आरामखुर्चीतून म्हणायचे, "सरकारने पगार दिला शिकवायसाठी, आन मास्तरीण लाता मारून राहिली."

माझा विश्वास होता का? नव्हता. पण त्या बायांना दिवसभरात कोणी "कुठे दुखतं?" असं विचारलेलं नसायचं. मी विचारायची, म्हणून त्या येत.

मी चिखलात उतरले

२००६ चा पावसाळा. मला निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते आणि रिकामपण अंगावर येत होतं. त्या वर्षी रोवणीला बाया मिळेनात. आमच्या शेजारची अनुसया रोवणीच्या बायांची म्होरकी होती. माझ्याहून थोडी लहान, अंगाने काटक आणि जिभेने त्याहून काटक. ती म्हणाली, "बाई, यंदा तुमची बांधी मांगं राह्यते." मी म्हटलं, "मी येते ना ओळीत." ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मी गेले. लुगडं खोचून ओळीत उभी राहिले आणि मला ते आवडलंसुद्धा. पण एक गोष्ट तिथे पहिल्यांदा कळली. सगळ्या बायांच्या ओळीत दिवसभर कोणी पाणी पीत नव्हतं. मी घागरीकडे निघाले तर अनुसया म्हणाली, "कायले पिता जी? मंग जाल कोठी?" मी चारी बाजूंना पाहिलं. बांधीच बांधी, आडोशाला झुडूप नाही, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चिखलणीची माणसं. खरंच, जाणार कुठे? मी घागरीपासून मागे फिरले. शाळेतही आम्ही शिक्षिका हेच करत आलो होतो. तिथे एकच मुतारी होती आणि ती मुलांची होती. बाईमाणसाने तहान मारायची, हे कोणी शिकवत नाही, ते आपोआप येतं.

त्या आठवड्यात मला उन्हाळी लागली. म्हणजे लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं आणि थेंबथेंब होणं. धण्याचं पाणी प्यायले, सब्जा प्यायले. कोणाला सांगितलं नाही. या वयात असलं कोणाला सांगायचं, असं वाटलं. मग जळजळ जरा कमी झाली आणि कंबर दुखायला लागली.

कंबर म्हणते आहे, पण ती कंबर नव्हती. हे नीट वाचा. दुखणं डाव्या बाजूला होतं, मागे, बरगड्या संपतात त्याच्या जरा खाली. रोवणीची कंबर खाली दुखते, मधोमध, साडीची गाठ असते त्या पट्ट्यात. हे वर होतं आणि एकाच बाजूला होतं. आत कोणी मूठ आवळून धरली आहे असं वाटायचं. कुशीवर वळले, पाठीवर झोपले, उठून बसले, तरी मूठ सैल होत नव्हती. शेकाने काही झालं नाही, तेलाने काही झालं नाही. जेवणावरची वासना गेली आणि मळमळायला लागलं.

तरीही मी म्हटलं उसण. आजोबांनी म्हटलं उसण. अनुसया म्हणाली, "भरलीच ना उसण! मास्तरणीची कंबर, खडूची सवय तिले, चिखलाची नाई." रोवणीच्या दिवसांत बाईची पाठ दुखली तर दुसरं काही म्हणायची आमच्याकडे पद्धतच नाही.

पायाळूला पायाळू कोण?

आता अडचण अशी की गावात पायाळू एकच, आणि ती मी. स्वतःच्या कमरेला स्वतःची टाच कशी लावणार? बायांना ही मोठी गंमत वाटली. "बाई, आरशात पाहून मारा लात," असंही एकीने सुचवलं. अनुसयेने मात्र मनावर घेतलं. केशोरीला भागरथाबाई नावाची पायाळू म्हातारी आहे, असा तिने शोध लावला.

तिला आणायला कोण गेलं असेल? तुमचे आजोबा.

हे मला अजून नवल वाटतं. आयुष्यभर ज्या माणसाने या प्रकाराची थट्टा केली, तो सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, स्कूटर काढून केशोरीला गेला. मी म्हटलं, "तुमचा तर विश्वास नाही." ते किक मारता मारता म्हणाले, "नाई तं नाई. पन तू दुखून राहिली ना." भागरथाबाई कधी स्कूटरवर बसली नव्हती. ती डोळे मिटून, आजोबांचा सदरा दोन्ही मुठींत धरून आली आणि उतरल्यावर आधी जमिनीला हात लावला.

मी सपरीत पालथी पडले, जिथे इतक्या वर्षांत कित्येक जणी पडल्या होत्या. अनुसया डोक्याशी बसली. म्हातारीने पाय धुतले, माझ्या डाव्या बाजूला टाच ठेवली आणि अगदी हलकेच, पान पडावं तशी, एकदा लावली.

मी किंचाळले. तसं मी कधी ओरडले नव्हते, बाळंतपणातसुद्धा नाही. त्या जागेतून कळ निघाली आणि पुढे पोटात, खाली जांघेपर्यंत गेली.

भागरथाबाई घाबरून मागे झाली. "मी हलकीच लावली वो माय, हलकीच!"

पण अनुसया टाळी वाजवून म्हणाली, "निंगाली! पाहा ना कशी वरडत निंगाली!" आणि सपरीतल्या सगळ्या बायांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आजोबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मीही डोळे पुसत म्हटलं, "निघाली बहुतेक."

वर आजोबांनी दुकानातून अंगदुखीची गोळी आणून दिली. तिने घाम फुटला, अंग हलकं झालं, थोडी पेजही प्यायले. झालं, सगळ्यांची खात्री पटली. भागरथाबाईला लुगडं देऊन परत पोचवलं. मुलांनो, त्या गोळीबद्दल एवढंच लक्षात ठेवा. ताप आणि दुखणं दोन्ही ती झाकते, आणि झाकलेलं माणसाला बरं झाल्यासारखं दिसतं.

बाईच्या अंगात इंग्रजी

दुसऱ्या दिवशी दुपारी मला थंडी वाजून आली. ही थंडी कशी असते ते सांगते, कारण ओळख पटवायची तर हिच्यावरून पटवा. दात दातावर आपटत होते आणि मला ते थांबवता येत नव्हते. आजोबांनी गोधडी घातली, तिच्यावर सतरंजी, तिच्यावर आणखी एक गोधडी, तरी खाट हलत होती. मग ताप चढला. ओकारी झाली. उसणीने दात वाजत नाहीत, हे विज्ञानाच्या शिक्षकाला कळायला हवं होतं, इंग्रजीच्या शिक्षिकेलाही कळायला हवं होतं. पण अनुसया म्हणाली, "चिखलाचा ताप होय, येतेच," आणि आम्ही दोघांनी मान हलवली. गोळी परत दिली.

त्यापुढचं मला आठवत नाही, ते मला अनुसयेने सांगितलं. सकाळी ती चहा घेऊन आली, तर मी उठून बसले होते आणि भिंतीकडे बोट दाखवून इंग्रजीत बोलत होते. मग तिच्याकडे वळून तिला इंग्रजीत झापलं. बहुधा, गोंगाट नको, मागच्या बाकावरच्यांनी पुढे या, असलं काहीतरी. ती चहा सांडून ओरडत अंगणात गेली, "गुरुजी! या जी लवकर! बाईच्या अंगात इंग्रजी आलं!"

पुढे ही गोष्ट गावात वर्षानुवर्षं सांगितली गेली आणि मीही हसत ऐकली. पण त्या सकाळी आजोबा आत आले, मला नावाने हाक मारली आणि मी त्यांना ओळखलं नाही. त्यांना "सर" म्हटलं आणि वर्गाबाहेर उभं राहायला सांगितलं. ते उभे राहिले म्हणे क्षणभर दाराबाहेर. मग शेजारच्याची जीप आणायला धावले.

घरातल्या वयस्क माणसाला ताप असताना तो असंबद्ध बोलायला लागला, तर थांबू नका. हसूही नका. आधी गाडी आणा, हसायला पुढे वेळ मिळतो.

तीच जागा

गोंदियाचे डॉक्टर तरुण होते, हिंदी बोलायचे. सलाईन सुरू झाल्यावर मला थोडं भान आलं. आजोबा सांगत होते, रोवणी, कंबर, उसण. डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी मला बसतं केलं, मागे उभे राहिले आणि म्हणाले, "अम्मा, ज़रा सा ठोकूँगा." उजव्या बाजूला बरगड्यांखाली एक तळहात ठेवला आणि त्यावर दुसऱ्या हाताची मूठ हलकेच मारली. काही झालं नाही. मग डाव्या बाजूला मारली.

मी तशीच किंचाळले. जागा तीच, कळ तीच, पोटातून जांघेपर्यंत.

इथे कोणी "निघाली" म्हटलं नाही. डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "ये कमर नहीं है, अम्मा. ये गुर्दा है." मग त्यांनी लघवीचं विचारलं. मी आजोबांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि सांगितलं, जळजळ होती, गढूळ होती, वास येत होता. आजोबा म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं?"

सोनोग्राफी झाली. डावी किडनी सुजली होती आणि तिच्यात एका जागी पू धरायला लागला होता. जंतू रक्तात उतरले होते. डॉक्टर आजोबांना पडद्यापलीकडे घेऊन गेले आणि हळू आवाजात बोलले. पण हिंदी मला येतं, आणि कान तापातही चालत होते. इंजेक्शनं लागू पडली तर ठीक. ताप उतरला नाही तर नागपूरला न्यावं लागेल, पू काढावा लागेल, कदाचित किडनीच काढावी लागेल. आणि या वयात, रक्तात जंतू असताना, ते सगळं कितपत झेपेल, सांगता येत नाही.

आजोबा पडद्याबाहेर आले आणि म्हणाले, "काई नाई, इन्फेक्शन आहे थोडं."

मी म्हटलं, "बरं." त्यांनी मला सांभाळलं, मी त्यांना सांभाळलं.

खाटेच्या दोन बाजू

दुसऱ्या दिवशी माझी वंदना, तुमची आई, नागपूरहून आली. तुम्हा दोघांना तुमच्या बाबांजवळ ठेवून, पदराला पीठ तसंच. तिने सगळं ऐकलं, भागरथाबाईपर्यंत, आणि ती आजोबांवर कडाडली. "बाबा, तुम्ही विज्ञान शिकवत होते ना? लात मारायला बाई आणली तुम्ही? स्वतः स्कूटरवर?"

आजोबा खाटेच्या डाव्या बाजूला बसले, वंदना उजव्या बाजूला. दोघं माझ्याशी बोलत, एकमेकांशी नाही. "आई, बाबांना सांग चहा घ्यायला." "तिले सांग, घेतला म्हणा." अंगात ताप असताना हा टपालाचा धंदा मला करावा लागला. शेजारच्या खाटेवर नवेगावकडची एक बाई होती. ती दोन दिवस हे पाहून म्हणाली, "माय, तुमी आजारी हा का चपराशी?"

ताप सकाळी उतरायचा आणि दुपारनंतर परत चढायचा, आधी दात वाजवून. इंजेक्शनाने हाताच्या शिरा सुजल्या. नर्स लघवी मोजायला एक प्लास्टिकचं भांडं देऊन गेली होती. ते काम आजोबांनी कोणाला करू दिलं नाही. मला लाज वाटायची. ते म्हणायचे, "प्रयोगशाळेत पोरांची किती घाण धुतली मी." भांडं घेऊन ते खिडकीशी जायचे, उजेडात धरायचे आणि काचेच्या नळीतलं द्रावण पाहावं तसं डोळे बारीक करून पाहायचे. गढूळ. परत गढूळ. त्यांच्या पाठीवरून मला कळायचं.

मला मरणाची भीती वाटली का, असं मैत्रीने एकदा विचारलं होतं. वाटली. पण ती सारखी वाटत नसे. दुपारी थंडी भरायला लागली की वाटायची. बाकी वेळ वेगळंच काही वाटायचं. पेज गरम आहे हे चांगलं वाटायचं, वंदनाने केस विंचरले की चांगलं वाटायचं. आजारी माणसाला मोठा धीर देऊ नका. त्याचे केस विंचरा.

एका दुपारी मी थंडीची वाट पाहत पडले होते आणि ती आली नाही. चार वाजले, चहाची गाडी फिरली, तरी आली नाही. मी कोणाला बोलले नाही, दृष्ट लागेल अशी भीती वाटली. संध्याकाळी आजोबा भांडं घेऊन खिडकीशी गेले आणि तिथेच उभे राहिले. बराच वेळ. वंदना घाबरून उठली. "काय झालं, बाबा?" सरळ त्यांना विचारलं तिने, माझ्यामार्फत नाही.

ते वळले. म्हणाले, "सुंदर आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, या माणसाने माझ्या कुठल्या साडीला, कुठल्या भाजीला सुंदर म्हटलं नव्हतं. नवेगावच्या बाईने तोंडाला पदर लावला. वंदना हसता हसता रडायला लागली आणि जाऊन वडिलांच्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली. ते भांडं सांभाळत म्हणत होते, "अगं, सांडंल, सांडंल."

त्यानंतर

नागपूरला जावं लागलं नाही. इंजेक्शनं बरेच दिवस चालली, मग गोळ्या. घरी आले तेव्हा धान गुडघ्याला लागलं होतं. अनुसया पाहायला आली आणि दारातच म्हणाली, "बाई, मराठीत बोलून राहिले ना?" मग पायाशी बसली, माझे पाय दाबत राहिली आणि म्हणाली, "मी टाळी वाजवली वो. मले का मालूम." मी तिला म्हटलं, तुझ्यासोबत आम्हीही वाजवलीच होती. ज्या आजाराला आपल्याकडे नावच नाही, तो आपण ओळखीच्या नावातच बसवतो. त्यात तुझी एकटीची चूक काय?

बाया अजून येतात. मी टाच लावते, नाही म्हणत नाही. पण आधी मैत्रीला विचारले ते सगळे प्रश्न विचारते आणि पाठीवर हाताने हलकेच ठोकून पाहते. दुखणं वर असेल, एका बाजूला असेल, सोबत थंडी-ताप, उलटी किंवा उन्हाळी असेल, तर पाय खाली ठेवते आणि डॉक्टरकडे पाठवते. ठोकून दुखलं नाही म्हणजे नक्की काही नाही, असंही समजू नका. ताप असेल तर लघवी तपासून घ्याच, ते सोपं आहे. रोवणीत आता अनुसयेच्या ओळीच्या बाया बांधीच्या कोपऱ्यात चार काठ्यांना जुनी लुगडी बांधून आडोसा करतात, आणि पाणी पितात. त्या आडोशाला गावातले बाप्ये हसले होते. अनुसयेने त्यांना जे उत्तर दिलं ते मी तुम्हाला लिहून पाठवू शकत नाही.

तुम्ही दोघं उन्हाळी लागली तर लाजू नका. आईला सांगा, मला सांगा, डॉक्टरला तर सांगाच. काम कितीही असो, पाणी प्या आणि लघवी आली की उठा. तुम्हाला उठून जायला जागा आहे. ज्यांना नसते त्यांची कंबर मी पाहिली आहे.

आजोबा गेले त्याला आता पाच वर्षं होत आली. ते हृदयाने गेले, झोपेत, किडनीशी त्याचा संबंध नव्हता. अनुसया गुडघे धरून चालते, पण चालते. मी मागच्या महिन्यात गोंदियाला जाऊन तपासून आले. डावी किडनी आकसून लहान झाली आहे आणि तिच्यावर व्रण आहे. उजवी चांगली आहे. दोन्ही काम करतात.